ड्रेस्डेनहून प्रागची एका रात्रीची सहल: कागदपत्रं, तिकिटं, खोली आणि रात्री परतणं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून एका सत्रासाठी ड्रेस्डेनला आली आहेस, वर्गातले सहाजण शनिवारी सकाळी प्रागला जाऊन रविवारी संध्याकाळी परतायचं म्हणतायत. जर्मनीचा व्हिसा तिथे चालेल का, डॉइचलांड-टिकीट (जर्मनीतला महिन्याचा प्रवास पास) चालेल का, शाकाहारी खायला मिळेल का, मिक्स खोलीत राहावं का, आणि घरच्यांना काय सांगायचं.

जा, नक्की जा. व्हिसा चालतो, डॉइचलांड-टिकीट त्या गाडीत चालत नाही, खायला मिळतं. मात्र प्राग फिरायला इतकं सोपं आहे की सगळे तयारी करतात ती दिवसाची. अडचणी येतात त्या तिकिटाच्या नियमात, पासपोर्टात आणि रात्री अकरानंतर. म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

आधी कागदपत्रं. पासपोर्टात जर्मनीचा डी प्रकारचा व्हिसा असो किंवा रहिवास परवान्याचं प्लास्टिकचं कार्ड असो, दोन्हींवर शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या, इतर देशांत कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस फिरता येतं. चेकिया शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे वेगळा व्हिसा नको. पुढे कोणी व्हिएन्ना, बुडापेस्ट किंवा व्रोत्स्वाफ सुचवलं तरी हेच लागू. लंडन आणि डब्लिन मात्र यात बसत नाहीत, कितीही स्वस्त विमान मिळालं तरी. तारखा नीट बघ: व्हिसा संपत आला असेल आणि परवान्याचा अर्ज अजून लटकलेला असेल, तर हातात फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा, तात्पुरत्या रहिवासाचा दुमडलेला कागद येतो. त्याच्या आत तीन चौकटी असतात. जर्मन रहिवास कायद्याच्या कलम ८१ परिच्छेद ४ची, म्हणजे तिसरी, चौकट भरलेली नसेल तर त्या कागदावर जर्मनीबाहेर पाऊल टाकू नकोस. भरलेली असली तरी निघण्याआधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला एक ईमेल करून खात्री कर.

मूळ पासपोर्ट आणि परवाना दोन्ही अंगावर हवेत, फोनमधला फोटो चालत नाही. ऑक्टोबर २०२३पासून जर्मनीने चेक सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आणि ती वेळोवेळी वाढवली. येताना पोलीस गाडीत चढून कागद मागतात. युरोपियन मित्र ओळखपत्र दाखवून मोकळे होतात, आपल्याला पासपोर्टच लागतो. बसवालेही चढताना तो बघतात आणि चेक कायद्याप्रमाणे हॉस्टेललाही परदेशी पाहुण्यांची नोंद करावी लागते, म्हणून तिथेही तोच. तो जपायचं कारण आणखी मोठं आहे. पासपोर्ट हरवला तर भारतीय दूतावास आणीबाणीत जे इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो ते एकदाच, भारतात परतण्यापुरतं असतं, त्यावर ड्रेस्डेनला येता येत नाही. नवा पासपोर्ट, नवा परवाना, मधले आठवडे, सगळं सत्र विस्कटतं. कपड्यांच्या आत बांधायचा कापडी पट्टा मिळतो, तो घे. पाठीवरच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात पासपोर्ट कधीच नको.

विमा: जर्मनीचा सरकारी आरोग्य विमा असेल तर कार्डाची मागची बाजू बघ. तेच युरोपियन आरोग्य विमा कार्ड असतं आणि चेकियातल्या सरकारी व्यवस्थेत तातडीच्या उपचारांना चालतं. खासगी विमा असेल तर अटींमध्ये जर्मनीबाहेरचे दिवस धरलेत का ते वाच. आणीबाणीचा नंबर तिथेही ११२.

आता गाडी. ड्रेस्डेन हाउप्टबानहोफहून (मुख्य स्टेशनाहून) प्रागला थेट युरोसिटी, म्हणजे देशादेशांमधली लांब पल्ल्याची गाडी, जाते, साधारण सव्वादोन ते अडीच तास लागतात. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात: डॉइचलांड-टिकीट फक्त स्थानिक आणि रिजनल गाड्यांना आहे, युरोसिटीला नाही. रूळ तेच, म्हणून लोक चढतात आणि किमान ६० युरो दंड भरतात. डॉइचलांड-टिकिटावर एस१ या एस-बानने (लोकलने) सीमेजवळच्या श्योनापर्यंत जाता येतं. पुढे चेक तिकीट काढून द्येचीनमार्गे प्राग गाठता येतं, पण गाड्या बदलाव्या लागतात आणि वेळ बराच जातो. एका रात्रीच्या सहलीत अर्धा दिवस रुळांवर घालवण्यात अर्थ नाही.

युरोसिटीचं तिकीट दोन ठिकाणी बघ: जर्मन रेल्वेच्या ॲपवर आणि चेक रेल्वेच्या साइटवर. एकाच गाडीच्या एकाच सीटचा दर दोन्हीकडे वेगळा असतो, चेक बाजूचा बऱ्याचदा कमी. स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं, गाडी चुकली की गेलं. त्यामुळे सहाजणांचे पैसे हातात आल्याशिवाय एकाने सगळ्यांची तिकिटं काढू नयेत. "नंतर देतो" म्हणणाऱ्याचं यायचं रद्द झालं की मैत्रीत कटकट होते. शनिवार-रविवारी जागा आरक्षित करा, थोड्याच पैशांचं काम आहे. जाताना डाव्या खिडकीच्या जागा घ्या. एल्ब नदी सीमेपलीकडेही बराच वेळ त्याच बाजूला राहते. क्योनिगश्टाइनचा किल्ला मात्र उजवीकडे वर दिसतो.

बसही आहे, साधारण तेवढ्याच वेळात फ्लोरेंत्सच्या बसस्थानकावर पोचवते आणि बहुतेक वेळा स्वस्त पडते. रविवारी संध्याकाळी महामार्ग तुंबतो आणि सीमेवर तपासणीही होते, म्हणून जाताना बस आणि येताना रेल्वे हे मला जास्त पटतं.

खोली. सहाजण असाल तर सहा खाटांची अख्खी खोली घ्या. सुट्या सहा खाटा घेतल्या तर हॉस्टेलवाले कुठेही टाकू शकतात आणि अनोळखी लोक मध्ये येतात. अख्खी खोली आपली असेल तर मुलं-मुली एकत्र हा प्रश्न तुमच्यापुरता उरतो. तुला तेही नको असेल तर फक्त मुलींची खोली जवळपास प्रत्येक मोठ्या हॉस्टेलात असते. "मी तिकडे झोपेन, भेटू नाश्त्याला" एवढं म्हटलं की पुरे, जर्मनीतले विद्यार्थी याचं कारण विचारत बसत नाहीत. टॉवेल आणि लॉकरचं कुलूप बहुतेक ठिकाणी आपलं न्यावं लागतं. दर माणशी दर रात्री ५० कोरुना (चेक चलन) शहर कर असतो, तो दरात धरलाय की काउंटरवर वेगळा मागतील ते आधी बघा. खोलीचा ताबा दुपारी दोन-तीननंतर मिळतो. सकाळी पोचलात तर सामान ठेवून घेतात का, हे ईमेलने विचारून ठेवा.

जागा जुन्या शहराच्या चौकाजवळ घेऊ नका. महाग असते आणि खिडकीखाली पहाटेपर्यंत गोंधळ असतो. कार्लीन, झिझकोव्ह, विनोह्राडी किंवा होलेशोव्हिसे बघा. होलेशोव्हिसेला मेट्रोची सी लाइन आहे आणि तुमची युरोसिटीही तिथे थांबत असेल तर मुख्य स्टेशनापर्यंत जायची गरजच नाही.

शनिवार-रविवारचा एक पेच प्रवासपुस्तकं सांगतात पण गडबडीत लक्षात राहत नाही. ज्यू संग्रहालय, म्हणजे योसेफोव्ह या जुन्या ज्यू वस्तीतली सिनॅगॉग आणि जुनं दफनस्थान, शनिवारी बंद असतं. प्रागच्या किल्ल्यातलं सेंट व्हायटस कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना बंद असतं, दुपारी उघडतं. म्हणून शनिवारी किल्ला आणि रविवारी योसेफोव्ह. उलटं केलंत तर योसेफोव्ह हुकतं आणि कॅथेड्रलसाठी दुपारपर्यंत थांबावं लागतं. किल्ल्याच्या आवारात फिरायला तिकीट नाही, आतल्या इमारतींना आहे. प्रवेशाला बॅगा तपासतात, रांग असते. २२ नंबरची ट्राम प्राझ्स्की ह्राद थांब्यावर उतरवते, तिथून चढ जवळपास नाही. खालून पायऱ्या चढण्याऐवजी वरून जा आणि पायऱ्यांनी उतरा. विद्यार्थी ओळखपत्र जवळ ठेव, दोन्हीकडे सवलत आहे.

चार्ल्स पुलाचं बांधकाम १३५७मध्ये सुरू झालं. तो बघायचा तर सकाळी सातच्या आत, दुपारी तिथे फक्त माणसांची डोकी दिसतात. १४१०चं खगोलीय घड्याळ सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला चालतं. खेळ मिनिटभराचा, आणि त्या मिनिटात सगळी गर्दी वर बघत असते. खिसेकापूंना नेमकं तेच हवं असतं. फोन आणि पाकीट पुढच्या खिशात, हात त्यावर.

शहरातल्या प्रवासाला २४ तासांचं तिकीट घे. शनिवारी दुपारी पहिल्यांदा बसताना पिवळ्या यंत्रात एकदा शिक्का मारला की रविवार दुपारपर्यंत मेट्रो, ट्राम, रात्रीची ट्राम सगळं त्यात आलं. शिक्का न मारलेलं तिकीट म्हणजे तिकीटच नाही, तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि पर्यटक आहे म्हणून सोडत नाहीत. दुसऱ्यांदा शिक्का मारू नका, तिकीट बाद होतं. ॲपवर घेतलंत तर चढायच्या आधी सुरू करा, चढल्यावर नव्हे.

पैसे. एका युरोला साधारण २४-२५ कोरुना धरा. जवळपास सगळीकडे कार्ड चालतं, रोख लागते ती स्वच्छतागृहं, लहान पब आणि टिपसाठी. माणशी हजार कोरुना दोन दिवसांना पुरतात. तुझ्या जर्मन बँकेच्या कार्डावर फक्त गिरोकार्डचं (जर्मन डेबिट कार्ड व्यवस्थेचं) चिन्ह असेल तर ते देशाबाहेर चालणार नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्डचं चिन्ह शोध. भारतातून आणलेलं फॉरेक्स कार्ड युरोमध्ये भरलेलं असेल तर कोरुनाच्या व्यवहारावर वेगळा आकार लागतो, ते शेवटचा पर्याय म्हणून ठेव.

एटीएमचं नीट वाच. पर्यटकांच्या गल्ल्यांत निळी-पिवळी यंत्रं ओळीने उभी असतात, ती सोडून खऱ्या बँकेच्या शाखेचं शोध. रक्कम टाकल्यावर पडदा विचारतो: तुमच्या चलनात रूपांतर करून घ्यायचं का? तिथे युरोचा नेमका आकडा दिसतो, "स्वीकारा"चं बटण मोठं आणि हिरवं, "नको"चं बारीक. "नको"च दाबायचं. पैसे तरीही येतात, फक्त दर तुझी बँक लावते आणि तो बराच बरा असतो. दुकानातल्या कार्डयंत्रावर युरो की कोरुना असं विचारलं तर कोरुना. रोख बदलायची वेळ आलीच तर पावती ठेव: चेक कायद्याने १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत त्याच दुकानात रद्द करून पैसे परत मागता येतात.

खाणं. चेक जेवण मांसाभोवती फिरतं, पण उपाशी राहणार नाहीस. प्रत्येक पबात स्माझेनी सीर मिळतो, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला चीजचा जाड तुकडा, बटाटे आणि टार्टर सॉससोबत. अंडं चालत नसेल तर हा नको, आवरणात आणि सॉसमध्ये दोन्हीकडे असतं. बटाट्याच्या सूपला बऱ्याचदा मांसाचं पाणी वापरतात, विचारून घे. मेन्यूवर होव्येझी म्हणजे गाय-बैल, व्हेप्रझोव्हे डुक्कर, कुरझेत्सी कोंबडी, शुन्का आणि स्लानिना दोन्ही डुकराचेच. स्विच्कोव्हा नावाचा सगळ्यात प्रसिद्ध पदार्थ बीफचा आहे, वरचा मलईचा रस बघून फसू नका. शहरात वजनावर पैसे घेणाऱ्या शाकाहारी खानावळी आहेत, दुपारचं पोटभर जेवण तिथे सोयीचं पडतं.

जुन्या धाटणीच्या पबात वेटर टेबलावर कागदाची पट्टी ठेवतो आणि बिअरच्या प्रत्येक ग्लासाला पेनाने एक रेघ ओढतो. तीच बिलाची नोंद, ती ओली करू नका, हरवू नका. रिकामा ग्लास दिसला की काही ठिकाणी न विचारता दुसरा येतो, नको असेल तर ग्लासावर खालची चकती ठेवायची. तू पीत नसशील तर लिंबूपाणी मागव, कोणी आग्रह करत नाही. शेवटी वेटर "दोह्रोमादी?" म्हणजे एकत्र का, असं विचारतो. "झ्व्लाश्त" म्हटलंत की प्रत्येकाचं वेगळं. चांगली सेवा असेल तर दहा टक्के टिप. सामायिक खर्च ॲपमध्ये कोरुनातच टाका, युरोत बदलून टाकले की हिशोब जुळत नाही.

आता रात्र. शुक्रवारी आणि शनिवारी मेट्रो साधारण एकपर्यंत असते, मग ९१ ते ९९ नंबरच्या रात्रीच्या ट्राम. सगळ्या लाझार्स्का या थांब्यावरून जातात, तिथे बदलायचं. आपल्या हॉस्टेलजवळून कुठला नंबर जातो ते दिवसाउजेडीच बघून सहाही फोनांत लिहून ठेवा. रात्री दोनला कोणाचीही बॅटरी आणि डोकं दोन्ही कमी असतं. गट फुटणारच: दोघांना नाचायचं असतं, दोघांना झोपायचं. तेव्हा आधीच ठरवा की कोणी एकटं परतणार नाही, आणि चावी कोणाकडे. रस्त्यावर टॅक्सीला हात करू नका, ॲपवरून बोलवा, दर आधी दिसतो. मुख्य स्टेशनासमोरच्या बागेतून रात्री जाऊ नका. जुन्या भागात अनेक रस्त्यांवर दारू पिणं बेकायदा आहे, आणि रात्री दहानंतर रस्त्यावरचा आरडाओरडाही दंडाला पात्र आहे.

आईबाबांना शुक्रवारीच हॉस्टेलचं नाव-पत्ता, गाडीच्या वेळा आणि सोबतच्या एका मैत्रिणीचा नंबर पाठव. हिवाळ्यात पुणं साडेचार तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. शनिवारचा मेसेज संध्याकाळी सहाच्या आसपास गेला तर ते निवांत झोपतात, अकराला पाठवलास तर तिकडे पहाट झालेली असते. जर्मन सिमचं रोमिंग चेकियात जादा पैशांशिवाय चालतं.

परतीची गाडी रविवारची शेवटची घेऊ नका, आधीची एक घ्या. स्टेशनच्या फलकावर दोन आकडे असतात, एक फलाटाचा आणि एक रुळाचा, दोन्ही बघा. गाडी तासभर उशिरा पोचली तर तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तासांवर ५० टक्के परत मिळतात, म्हणून तिकीट फेकू नका. रविवारी ड्रेस्डेनला किराणा दुकानं जवळपास सगळी बंद असतात, प्रागमध्ये उघडी. सोमवारच्या सकाळचं दूध-ब्रेड तिथूनच घेऊन गाडीत बसा.