विक्रेते तीन असले तरी पन्नास लाखांची मर्यादा एकच

तुम्ही पुण्यातला एक वारसाहक्काचा फ्लॅट दोन भाऊ आणि एक बहीण यांच्याकडून ९६ लाखांना घेतलात. ऑगस्ट २०२४मध्ये इसाराचे ६ लाख आणि नोव्हेंबरमध्ये खरेदीखताच्या दिवशी ९० लाख, दोन्ही वेळा तिघांना समान. प्रत्येकाला ३२ लाखच, म्हणजे पन्नास लाखांहून कमी मिळाले, म्हणून टीडीएस (पैसे देतानाच विकणाऱ्याच्या रकमेतून कापून सरकारकडे भरायचा १ टक्का कर) लागत नाही, असं एजंटाने सांगितलं आणि तुम्ही कापला नाहीत. आता आयकर खात्याची नोटीस आली आहे आणि काय करायचं, असं तुम्ही मला लिहून विचारलं आहे. अशी पत्रं माझ्याकडे वरचेवर येतात आणि बहुतेकांत हेच ‘प्रत्येकी’चं गणित असतं.

ते गणित एका परंतुकाने, म्हणजे कलमाला जोडलेल्या अटीने, मोडलं. २०२४च्या वित्त (क्रमांक २) कायद्याने १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम १९४-आयएमध्ये, म्हणजे मालमत्ता खरेदीवरच्या टीडीएसच्या कलमात, ते घातलं आणि १ ऑक्टोबर २०२४पासून ते लागू झालं. घेणारे किंवा विकणारे एकाहून जास्त असतील, तर सगळ्यांनी सगळ्यांना दिलेली एकूण रक्कम हाच मोबदला आणि पन्नास लाखांची मर्यादा त्यालाच लावायची. त्याआधी काही आयकर न्यायाधिकरणांनी सहखरेदीदारांचे हिस्से वेगळे धरून करदात्यांना दिलासा दिला होता. एजंटाचा नियम बहुधा त्याच काळातला. नोव्हेंबरच्या ९० लाखांना तो आधार उरलेला नाही. इसाराचे ६ लाख तारखेआधीचे असल्याने त्यांवर वाद घालता येईल, पण तो ६,००० रुपयांच्या कराचा वाद आहे. माझ्या मते घालू नका.

एवढा मोठा व्यवहार करताना कराचा प्रश्न एजंटाला विचारलात, वकिलाला नाही, याचा मला राग येतो. हा कर विकणाऱ्यांच्या पैशांतून जायचा असतो. पूर्ण रक्कम त्यांच्या हाती देऊन बसल्यावर तो तुमच्या खिशातून जायची वेळ येते.

आता सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: त्या तिघांनी २०२४-२५ या आर्थिक वर्षाची विवरणपत्रं भरली का, त्यांत ही विक्री दाखवली का आणि त्यावर निघणारा कर भरला का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर कलम २०१(१)च्या परंतुकाखाली फॉर्म २६ए आणि सीएचं प्रमाणपत्र देऊन मूळ कराच्या वसुलीतून तुम्ही सुटू शकता. मग पैसे दिल्याच्या तारखेपासून त्यांनी विवरणपत्र भरलं त्या तारखेपर्यंतचं दरमहा १ टक्का व्याज उरतं. नोव्हेंबरच्या ९०,००० रुपयांच्या करावर ते महिन्याला ९०० रुपये होतं. हिशेब विक्रेत्यागणिक होतो, त्यामुळे दोघांनी भरलं आणि एकाने नाही, तर त्या एकाच्या हिश्श्याचा कर तुमच्याकडे राहतो.

ज्याने भरलं नसेल, त्याच्या हिश्श्याचा कर तुम्हीच फॉर्म २६क्यूबीने (मालमत्ता खरेदीवरचा टीडीएस भरायचा फॉर्म) भरा आणि ती रक्कम त्याच्याकडून लेखी मागा. त्या कराचं श्रेय त्यालाच मिळणार आहे, म्हणजे तो त्याच्याच नावावर जमा होणार आहे, हेही पत्रात लिहा. फॉर्म प्रत्येक विक्रेत्याच्या पॅनवर वेगळा. सगळा कर थोरल्या भावाच्या पॅनवर टाकला, तर धाकट्यांना श्रेय मिळत नाही आणि गुंता वाढतो. खरेदीखतात पत्नी सहखरेदीदार असेल तर खरेदीदार-विक्रेत्यांच्या जोड्या सहा होतात. विलंब शुल्कही फॉर्मगणिक, दिवसाला २०० रुपये, त्या फॉर्ममधल्या कराच्या रकमेपर्यंत. कपातीची तारीख मागची दाखवू नका. ती कोणती लिहायची, हे सीएला विचारून ठरवा.

इंडेक्स-२ (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) हाही काढून बघा. त्यातलं बाजारमूल्य ९६ लाखांपेक्षा जास्त असेल, तर १ टक्का त्या मूल्यावर लागेल आणि वरचे आकडे वाढतील.

तिघांपैकी कुणी त्या वर्षी अनिवासी होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, तर त्याच्या हिश्श्याला १९४-आयए नाही, अनिवासींना दिलेल्या पैशांवरच्या करकपातीचं कलम १९५ लागतं. तिथे पन्नास लाखांची मर्यादाच नाही आणि दरही बराच जास्त आहे. तसं असल्यास नोटिशीला उत्तर देण्याआधी मला पुन्हा लिहा.

विवरणपत्रांच्या पोचपावत्या तिघांकडून याच आठवड्यात मागवा. नोटिशीच्या मुदतीत त्या हाती आल्या नाहीत, तर मुदत संपण्याआधीच आयकर पोर्टलवरून लेखी मुदतवाढ मागा.