बिन-लाईटचा पंखा अन् बुखारी: वाचकांचे सवाल

नागपुरात पंख्याबद्दलचे सवाल यायचे ते एप्रिल-मे मध्ये, पण यावेळी डिसेंबरातच आले, आणि तेही सगळे एकाच पंख्याबद्दल. तोच तो, बुखारीवर, म्हणजे लाकडं जाळून खोली गरम करायच्या लोखंडी शेगडीवर, नुसता ठेवायचा, वायर नाही, बॅटरी नाही, तरी फिरतो. म्हणून सगळे सवाल एकत्रच घेतले.

प्रश्न: भाऊ, आमचं चिखलदऱ्याला छोटंसं घर आहे, सुट्ट्यांत जातो. तिथं लोखंडी बुखारी बसवली, धुराडं छतातून बाहेर काढलं, सगळं नीट आहे. पण होते काय, बुखारीजवळ बसला तो भाजून निघतो अन् पलीकडे सोफ्यावर बसलेली आई शाल काही सोडत नाही. जावयानं ऑनलाईन एक पंखा दाखवला, बुखारीच्या उष्णतेवरच चालतो म्हणे. खरंच चालतो का, की पैसे पाण्यात? (धरमपेठ)

उत्तर: चालतो, फसवेगिरी नाही. पण काय विकत घेऊन राहिले ते आधी समजून घ्या म्हणजे नंतर जावयाला बोल लागणार नाही.

या पंख्याचं बूड अॅल्युमिनियमचं असते, ते बुखारीवर टेकते आणि तापते. वरच्या भागाला पातळ पातळ पट्ट्या असतात, त्या हवेनं थंड राहतात. या दोघांच्या मधात एक चपटी चौकोनी चकती दाबून बसवलेली असते, साधारण चार सेंटिमीटरची, आणि तिच्यात बिस्मथ टेल्युराइड नावाच्या अर्धवाहक पदार्थाच्या तुकड्यांच्या शंभरावर बारीक जोड्या. चकतीची एक बाजू गरम अन् दुसरी थंड राहिली की तिच्यातून करंट निघतो, त्या करंटवर छोटी डीसी मोटर फिरते, बस एवढंच. थॉमस सीबेक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८२१ मध्ये ही गंमत पाहिली होती, म्हणजे कल्पना दोनशे वर्षं जुनी आहे. सोव्हिएत रशियात १९५० च्या दशकात कंदिलाच्या उष्णतेवर रेडिओ चालवायचे ते याच तत्त्वावर, आणि १९७७ ला सोडलेली व्हॉयेजर अवकाशयानं अजूनही याच तत्त्वावर वीज मिळवतात, फक्त तिथं लाकडाच्या जागी प्लुटोनियम आहे.

आता खरी गोष्ट. ही चकती फार तर एक-दोन वॉट देते. आपला साधा सीलिंग फॅन सत्तर-पंच्याहत्तर वॉट खातो, त्यावरून अंदाज घ्या. वारा अंगाला झोंबेल असं काही होत नाही, झुळूक येते, आवाजही जवळजवळ नाही. आणि हा पंखा उष्णता वाढवत नाही, जेवढी लाकडातून निघते तेवढीच निघणार. फरक एवढाच की जी गरम हवा सरळ वर जाऊन छताला चिकटून बसते, तिला हा थोडी आडवी ढकलतो. त्यामुळे सोफ्यापर्यंत ऊब जरा लवकर पोचते. आईची शाल सुटेल की नाही ते आईवर आहे.

पण बाजूच्या बेडरूममध्ये ऊब जाईल अशी आशा ठेवू नका. त्यासाठी वेगळी युक्ती आहे आणि ती फुकटात आहे. आधी दाराच्या चौकटीत उभं राहून एक अगरबत्ती वर धरा, मग खाली उंबऱ्याजवळ धरा. वरचा धूर बुखारीच्या खोलीतून बाहेर पडताना दिसेल आणि खालचा आत शिरताना. म्हणजे थंड हवा जमिनीवरून बुखारीकडे येते आणि गरम हवा दाराच्या वरच्या अर्ध्यातून जाते. म्हणून घरातला टेबल फॅन थंड खोलीत जमिनीवर ठेवायचा, तोंड बुखारीच्या खोलीकडे करायचं आणि सगळ्यात हळू स्पीडवर सोडायचा. बहुतेक लोक उलटं करतात, बुखारीमागे पंखा ठेवून गरम हवा ढकलत बसतात, आणि मग म्हणतात काहीच फरक नाही पडला. थंड हवा जड असते, तिला हलवणं सोपं, ती हलली की गरम हवा आपोआप तिची जागा घ्यायला येते.

माझं मत विचाराल तर लाईट टिकत असेल तर आधी हा टेबल फॅन करून पाहा. चिखलदऱ्याला लाईट वारंवार जात असेल, किंवा सोफ्याजवळ वायर लोंबवायची नसेल, तर मग घ्या बिनधास्त.

प्रश्न: दादा, मी हाच पंखा घेतला आहे, पचमढीला कॉटेजवर बुखारी आहे तिथं ठेवतो. पहिल्यांदा भर्रकन फिरला, आता बुखारी लालबुंद केली तरी कसाबसा फिरतो. जास्त तापवलं तर जास्त फिरायला पाहिजे ना? (प्रतापनगर)

उत्तर: नाही ना भाऊ, तिथंच घोळ आहे. पंखा उष्णतेवर नाही, फरकावर फिरतो. बूड किती गरम आहे यापेक्षा डोकं किती थंड आहे ते पाहा. तुम्ही तो बुखारीच्या बरोबर मधात, धुराड्याला चिकटून ठेवत असाल तर खालून बुखारी आणि मागून पाईप, दोन्हीकडून पट्ट्या तापणार, मग फरक राहणार कुठून? आपण कूलर खिडकीबाहेर काढतो ते मागून ताजी हवा मिळावी म्हणून, खोलीच्या आत कोंडला तर तो तीच दमट हवा फिरवत बसतो, या पंख्याचंही तसंच आहे. त्याला मागून थंड हवा पाहिजे. म्हणून बुखारीच्या मागच्या किंवा बाजूच्या काठावर, धुराड्यापासून दूर, तोंड खोलीकडे करून ठेवा. भिंतीला अगदी टेकवू नका.

आणि लालबुंद हा शब्द वाचून मला काळजीच वाटली. असे पंखे साधारण पन्नास-साठ डिग्रीला फिरायला लागतात, आणि वरची मर्यादा बहुतेकांची तीनशे-साडेतीनशे डिग्रीच्या आसपास असते, डब्यावर लिहिलेली असते, ती पाहा. लोखंड लाल दिसायला लागलं म्हणजे पाचशेच्या वर गेलं. बऱ्याच पंख्यांच्या बुडाखाली दोन धातूंची एक पट्टी असते, फार तापलं की ती वाकते आणि बूड थोडं उचलून धरते, पण तिच्या भरवशावर राहू नका. चकतीच्या आतल्या जोड्यांचा डाक (सोल्डर) एकदा वितळला की चकती गेली, ती दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. एक चुंबकावर चिकटणारं बुखारीचं थर्मामीटर घ्या, स्वस्त मिळते. आणि बुखारी इतकी तापवणं धुराड्यासाठीही चांगलं नाही, आतली काजळी पेट घेऊ शकते.

पंखा खरंच बिघडला का, हे घरी कळते. गंजभर, म्हणजे पातेलंभर, पाणी उकळा, वर सपाट झाकण ठेवा, झाकण कोरडं पुसून त्यावर पंखा ठेवा. शंभर डिग्रीच्या वर काही जाणार नाही, त्यामुळे धोका नाही. तीन-चार मिनिटांत फिरला तर चकती जिवंत आहे, तुमची जागाच चुकीची होती. नाही फिरला तर पात्याला बोटानं हलका धक्का द्या. मग चालला तर मोटर जड झाली आहे, दांड्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाका, एकच. तरी नाही चालला तर चकती बदलायची वेळ आली, आणि बदलताना दोन्ही बाजूंना थर्मल पेस्ट (उष्णता नीट पोचवणारा लेप) लावायला विसरू नका, ती वाळली तरी पंखा मंद होतो.

प्रश्न: भाऊ, आमच्याकडे बुखारी नाही, पण सासूबाई थंडीत रात्री कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपतात, खिडक्या सगळ्या बंद. त्या शेगडीवर हा पंखा ठेवला तर ऊब सगळीकडे पसरेल का? (महाल)

उत्तर: ताई, पंख्याचं सोडा, आधी ती शेगडी रात्री खोलीबाहेर काढा, आजच. बुखारीचा धूर धुराड्यातून बाहेर जातो, शेगडीचा सगळा खोलीतच राहतो. आणि धूर दिसत नाही म्हणून निखारे चांगले असं वाटते, पण बिनधुराच्या लाल निखाऱ्यातूनच कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होते, मळमळते, झोप येते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काही कळतच नाही. पंखा ठेवून तो वायू फक्त खोलीभर फिरवाल. शिवाय उघड्या आगीवर या पंख्याचं डोकंही तापते, तो फिरतही नाही आणि चकती वितळते.

थंडीचं म्हणाल तर मान्य आहे, २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा साडेतीन डिग्रीवर गेला होता, म्हाताऱ्या माणसाला हाडं गारठतात. सासूबाईंना शेगडी पाहिजेच असेल तर संध्याकाळी अंगणात किंवा दार-खिडकी उघडी ठेवून शेकू द्या, झोपायच्या आधी बाहेर. रात्री गरम पाण्याची पिशवी, लोकरी मोजे, गोधडी. त्या ऐकत नसतील तर घरातल्या कोणत्या डॉक्टर भाच्याला सांगायला लावा, सुनेचं नाही ऐकलं तरी त्याचं ऐकतात. आणि सकाळी त्या खोलीतल्या एकापेक्षा जास्त जणांचं डोकं दुखलं तर चहा-क्रोसिन करत बसू नका, सगळ्यांना उघड्यावर आणा आणि दवाखान्यात जा.

प्रश्न: या पंख्याच्या वायरी काढून मोबाईल चार्ज होईल का? (हिंगणा रोड)

उत्तर: नाही. मोबाईलच्या चार्जरला पाच व्होल्ट लागतात, ही चकती एक-दोन व्होल्ट देते, तेही बुखारी चांगली तापल्यावर. मधात व्होल्टेज वाढवणारं सर्किट लावून करणारे उद्योगी लोक आहेत, पण एवढ्या वॉटात फोन भरेपर्यंत तुमची लाकडं संपतील. पॉवर बँक घ्या.