ढिगाऱ्यांना स्मारकाचा मान कशासाठी?

प्रश्न : स्कॉटलंडमध्ये कारखान्यांनी टाकलेल्या दगडांचे ढिगारे स्मारक म्हणून जपतात, हे खरे का? गडकोटांच्या पंक्तीत टाकाऊ माल कसा बसतो?

उत्तर : खरे आहे. एडिंबरोच्या पश्चिमेस, वेस्ट लोदियन भागात, शेल नावाच्या खडकातून तेल काढण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९६२ पर्यंत चालला. खडक भट्टीत तापवून तेल काढले, की उरलेला चोथा चढणीवरून वर नेऊन ओतला जाई, आणि त्यातूनच वेस्ट काल्डरजवळचे ‘फाइव्ह सिस्टर्स’ हे पंख्यासारखे पसरलेले पाच सुळके उभे राहिले. हा दगड भाजलेल्या कौलासारखा तांबूस असून त्याच्या पातळ चिपा निघतात. रस्त्यांच्या भरावासाठी असे कित्येक ढीग खणून नेले गेले. चित्रशिल्पकार जॉन लॅथम यांनी १९७५-७६ मध्ये ते स्मारक म्हणून राखावेत, असे सुचवले. पुढे फाइव्ह सिस्टर्सना कायद्याचे संरक्षण मिळाले. मला हे मनापासून योग्य वाटते, कारण गड बांधवून घेणाऱ्या राजाचे नाव बखरीत उरते, पण जमिनीखाली राबलेल्या हजारो खाणकामगारांनी किती दगड उपसला, हे डोळ्यांना दाखवणारे दुसरे काहीच तेथे उरलेले नाही.