पॅनेल झिजते की खालावते?

आमच्या इंदूरच्या एका ताई शाळेतल्या मुलांसाठी उपग्रहांच्या सौर पॅनेलवर मराठीत टिपण लिहीत आहेत. ‘डिग्रेडेशन’साठी, म्हणजे क्षमता हळूहळू कमी होण्यासाठी, त्यांनी ‘झीज’ लिहिले. त्यावर यजमानांची हरकत: “अवकाशात घासायला आहे काय? ‘ह्रास’ लिही.” बरोबर कोण, असे त्या विचारतात.

यजमानांचा मुद्दा रास्त आहे. घासून कमी होते ते झिजते: सहाणेवरचे चंदन, चपलेची टाच, सराफ्यात मोडीत निघालेले नाणे. पॅनेलचे मुख्य दुखणे वेगळे. पृथ्वीभोवती भारित कणांचे पट्टे आहेत, त्यांना व्हॅन ॲलन पट्टे म्हणतात; त्यांतले प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन आत घुसून पॅनेलमधल्या सिलिकॉनचे अणू जागचे हलवतात. मग उन्हाने सुटलेले विद्युतभार वाटेतच अडकतात आणि वीज कमी मिळते. वरून पाहाल तर पॅनेल जसेच्या तसे! म्हणून मी ‘खालावणे’ म्हणेन, प्रकृती खालावते तसे. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिकवर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला, तेव्हा त्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांनी ब्रिटनच्या एरियल-१ या उपग्रहाची पॅनेल काही दिवसांतच अशी खालावली. ‘बिघाड’ इथे चालणार नाही; पॅनेल चालूच असते, फक्त कमी देते. ‘क्षय’ शास्त्राला चालेल, पण आमच्या घरी क्षय म्हटले की खोकलाच आठवतो.

अतिनील किरणांनी काचेखालचा चिकट थर पिवळा पडतो, त्याला मात्र ‘विटणे’. उन्हात वाळत घातलेल्या लुगड्यासारखे.

आता ताईंची बाजू. काहीशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे सुटे अणू असतात आणि उपग्रह सेकंदाला साडेसात-पावणेआठ किलोमीटर वेगाने त्यांच्यावर आदळत जातो. त्या माऱ्याने पॅनेलवरचे उघडे प्लॅस्टिक आणि चांदीच्या जोडपट्ट्या खरोखर कमी होत जातात. तिथे ‘झीज’ अगदी चपखल.

राहिला ‘ह्रास’. शीर्षकाला शोभेल, पण मराठीत ‘ऱ्हास’ असा लिहावा. दिवसभर हिंदी पाट्या वाचून आपला हात तिकडे वळतो खरा. टिपणातले वाक्य मी असे करीन: “भारित कणांच्या माऱ्याने पॅनेलची क्षमता वर्षागणिक खालावते, म्हणून सुरुवातीला गरजेपेक्षा मोठे पॅनेल बसवतात.”