जुन्या मॉडेल विमानांच्या इंजिनांना ओ.एस., फ्रॉग, कॉक्स अशी विचित्र नावं कुठून आली?

तुम्ही विचारलंय की या नावांमागे काही अर्थ आहे का, की अशीच ठेवलीत. अर्थ आहे, पण बहुतेक ठिकाणी तो अगदीच साधा निघतो, मालकाचं आडनाव! कॉक्स म्हणजे कॅलिफोर्नियाचे रॉय कॉक्स, एन्या म्हणजे जपानमधलं एन्या कुटुंब, रॉसी म्हणजे इटलीतले रॉसी बंधू. फॉक्स ऐकून कोल्हा आठवतो पण तेही आर्कान्सामधल्या ड्यूक फॉक्स यांचं आडनावच. के अँड बी मधला के म्हणजे केडिंग आणि बी म्हणजे ब्रॉडबेक, दोघे पार्टनर, आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर 'जोशी आणि कुलकर्णी' लिहितात तसंच.

ओ.एस. चं मला फार वर्षं कोडं होतं. मला वाटायचं ओ म्हणजे ओसाका असणार, कारण कंपनी ओसाकाचीच, १९३६ सालची. पण ती संस्थापकाची इनिशियल्स आहेत, शिगेओ ओगावा. आता तुम्ही म्हणाल मग एस.ओ. का नाही, तर जपानी लोक आडनाव आधी लावतात, ओगावा शिगेओ, म्हणून ओ.एस.

ब्रिटिश मंडळींना मात्र आद्याक्षरं जोडायची भारी हौस. फ्रॉगचा बेडकाशी संबंध 'फ्लाइज राइट ऑफ द ग्राउंड' या वाक्यापुरताच, म्हणजे जमिनीवरून थेट उडणारं, त्याची पहिली अक्षरं घेतली की फ्रॉग. हे नाव १९३२ च्या रबरबँडवर उडणाऱ्या तयार विमानाचं, इंजिनं महायुद्धानंतर आली आणि त्यांनाही तेच चिकटलं. पी.ए.डब्ल्यू. म्हणजे प्रोग्रेस एअरो वर्क्स. ॲम्को म्हणजे अँकर मोटर कंपनी. आणि ई.डी. तर मला सगळ्यात आवडतं, इलेक्ट्रॉनिक डेव्हलपमेंट्स, आणि त्यांची प्रसिद्ध इंजिनं कोणती तर डिझेल, ज्यात ना प्लग ना बॅटरी, नुसत्या दाबाने इंधनातलं इथर पेट घेतं 😄 नाव इलेक्ट्रॉनिक आणि इंजिनात विजेचा पत्ता नाही.

एक गंमत कॉक्सची सांगतो. इंजिनांच्या आधी ते लाकडी खेळण्यातल्या बंदुका बनवायचे, मग छोट्या रेसकार, आणि त्यांचं ब्रँडनेम होतं थिंबल ड्रोम. थिंबल म्हणजे शिंप्याचं अंगुस्तान, आणि ड्रोम म्हणजे शर्यतीचं मैदान. पुढे त्यांनी टी डी नावाची फास्ट इंजिनं काढली, ते टी डी म्हणजे थिंबल ड्रोमचीच अक्षरं. त्यातलं सगळ्यात लहान ०.०१० क्युबिक इंचाचं, म्हणजे जेमतेम ०.१६ सीसी, त्याला अंगुस्तान म्हटलं तरी चालेल.

मॉडेलची नावं हा वेगळा विषय, तिथे मात्र थाट असायचा. आयल ऑफ मॅनच्या डेव्हिस-चार्लटनने इंजिनांना मर्लिन, सेबर, रेपियर अशी खऱ्या विमानांच्या इंजिनांची नावं दिली, आणि मर्लिन म्हणजे अवघं ०.७६ सीसी बरं का, स्पिटफायर या लढाऊ विमानातलं खरं मर्लिन २७ लिटरचं! इटलीच्या सुपर टिग्रेचा टिग्रे मात्र खराखुरा वाघ.

मला स्वतःला यात गोडी लागली ती एनसीसी एअर विंगमध्ये. आमच्याकडे ब्रिटिश मिल्स ०.७५ सीसी इंजिनाची कलकत्त्यात बनलेली कॉपी होती, आणि आम्ही सगळे मुंबईचे, मिल म्हटलं की डोळ्यासमोर परळ-लालबागच्या गिरण्या, त्यामुळे आमच्यातल्या एकाची पक्की समजूत होती की हे इंजिन गिरणीत बनतं. मिल्स ब्रदर्स असे मालक होते हे मला कळलं तेव्हा एनसीसी सोडून दहा वर्षं झाली होती. बोटाने प्रॉपेलर फिरवून ते सुरू करताना एकदा चांगला फटका बसला, नखाखाली रक्त साकळलं, आणि युनिफॉर्मला इंधनातल्या एरंडेल आणि रॉकेलचा वास, आई म्हणायची आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस.