पहिली चामड्याची बॅग घरी शिवायची आहे. किट मागवू का? गावातल्या चांभाराला बॅगेतलं काय कळणार?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. साडेतीन हजारांचा किट ऑनलाइन मागवावा का, चामडं कोणतं घ्यावं आणि घरच्या शिलाई मशीनवर काम होईल का. शेवटी एक ओळ जोडली आहे: "कुणी म्हणतं गावातल्या चांभाराकडून शिका, पण ते चपला दुरुस्त करणारे, त्यांना बॅगेतलं काय कळणार?" नुसत्या किटबद्दल विचारलं असतं तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. या शेवटच्या ओळीमुळे बसलो.

माझे आजोबा मोट शिवायचे. तुमच्या वयाच्या माणसाने मोट पाहिली नसेल म्हणून सांगतो. विहिरीतून पाणी उपसायची ती चामड्याची भलीमोठी पिशवी. वर तोंडाला लोखंडी कडं आणि खाली सोंड. कड्याला नाडा म्हणजे जाड दोर, सोंडेला सोंदूर म्हणजे बारीक दोर. बैल उतारावर गेले की भरलेली मोट वर यायची आणि सोंडेतून थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या कुंडात, रिती व्हायची. पहाटेपासून दुपारपर्यंत हेच, दिवसामागून दिवस. दर खेपेला सगळं ओझं चामड्याच्या टाक्यांवर. टाका उसवला की ओलीत थांबलं, आणि बागाईतदार आजोबांच्या दारात उभा. आता सांगा, यापेक्षा कठीण बॅग कोणती?

पुढे इंजिनं आली, मग विजेचे पंप आले आणि मोट गेली. प्लॅस्टिकच्या बुटांनी जोडेही नेले. चपलेचा अंगठा शिवणं तेवढं उरलं, आणि तेच पाहून लोक ठरवतात की यांना एवढंच येतं.

माझे वडील वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या बाजारात कडुनिंबाखाली बसत. आम्हा दोघा भावांना त्यांनी आरीला, म्हणजे चामड्याला भोक पाडायच्या टोच्याला, हात लावू दिला नाही. "हाताले शाई लागली पायजे, मेण नाही," म्हणायचे. त्यामुळे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो आणि चामड्याचं काम मला काडीचं येत नव्हतं. 2020च्या लॉकडाउनमध्ये शाळा बंद, हातात मोबाइल, समोर व्हिडिओ. तिथून हा छंद लागला. वडील तेव्हा हयात नव्हते.

पहिली बॅग बायकोसाठी केली. ती अंगणवाडीत आहे, रोज आठ-दहा रजिस्टरं घेऊन जाते. मी किट मागवला, दोन मिलिमीटर जाडीचं म्हशीचं चामडं मागवलं, पुठ्ठ्याचा साचा कापला आणि दीड महिना रात्री बसून बॅग पुरी केली. पट्टा दोन्ही बाजूंना दुहेरी टाक्यांनी बसवला. मजबुतीसाठी टाके अगदी दाट घातले, अडीच मिलिमीटरवर एक. कडा काचेसारख्या घासल्या. फोटो काढून चार जणांना पाठवले.

एकोणिसाव्या दिवशी बस स्टॉपवर पट्टा मुळातून तुटला. दोरा शाबूत होता. चामडंच फाटलं होतं, टाक्यांच्या ओळीने सरळ. ती रजिस्टरं पदरात बांधून घरी आली. बोलली काही नाही.

वडिलांच्या शेजारी बसणारे एक काकाजी अजून बाजारात बसतात. आता झाडाखाली नाही, गटई कामगारांच्या, म्हणजे चपला-जोडे शिवणाऱ्यांच्या, सरकारी योजनेतल्या पत्र्याच्या स्टॉलमध्ये. बॅग घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कडा पाहिल्या नाहीत, बक्कल पाहिलं नाही. बॅग सरळ आतून बाहेर उलटली आणि टाक्यांची मागची बाजू बोटाने चाचपत गेले.

"वरून तं साजरी दिसते," म्हणाले. मग पट्टा हातात घेऊन दुमडला. "पोटाचा पट्टा कायले काढला रे बापू?"

मला कळेना की यांना कसं कळलं. त्यांनी स्टॉलमधला दुसरा तुकडा घेऊन दुमडला आणि दोन्ही शेजारी धरले. त्यांच्या तुकड्यावर केसासारख्या बारीक सुरकुत्या पडल्या. माझ्या पट्ट्यावर ढिल्या, मोठ्या घड्या. जनावराच्या पाठीचं चामडं घट्ट असतं, पोटाचं ढिलं. पाठीच्या कण्याच्या रेषेत लांबीला कापलेला पट्टा ताणत नाही. पोटाचा ताणतो. माझा पट्टा एकोणीस दिवसांत चार बोटं लांबला होता. मी तो कापताना चामडं वाचावं म्हणून कडेच्या उरलेल्या भागातून काढला होता, आणि व्हिडिओत कुणी पाठ-पोट हा शब्दही उच्चारला नव्हता.

मग फाटलेल्या जागेवर नख ठेवून म्हणाले, "हे पाय. इतकी भोकं पाडली तं ते टिकिटावानी फाटन नाही तं काय होईन?" पोस्टाचं तिकीट भोकांच्या ओळीवर फाटतं तसंच. मी ज्याला मजबुती समजलो, तीच चामड्याची कमजोरी झाली होती.

दुरुस्ती त्यांनी माझ्यासमोर केली. पितळी कुंडीतल्या पाण्यात एक तुकडा भिजवला, रापीने, म्हणजे चामडं तासायच्या रुंद पात्याने, त्याच्या चारही कडा तासून कागदासारख्या पातळ केल्या, म्हणजे आतून जोड बोटाला लागू नये. तो तुकडा पट्ट्याच्या मुळाशी आतून लावला. टोकाला खाच असलेली आरी वरून आत घालायची, खालून दोरा खाचेत अडकवायचा, फास वर ओढायचा आणि दुसरं टोक त्या फासातून घ्यायचं. चौकोनी टाका, मध्ये फुली. दोन टाक्यांत जवळजवळ पाच मिलिमीटर अंतर. शेवटी मोगरीने टाके ठोकून सपाट केले. नवा पट्टाही त्यांनीच पाठीच्या चामड्याचा कापून दिला. पट्ट्याचे वेगळे आणि मजुरीचे दीडशे सांगितले, मी ते दिले. ती बॅग पाच वर्षं झाली, रोज अंगणवाडीत जाते.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी दर बाजाराला त्यांच्या स्टॉलमध्ये तासभर बसलो. म्हणून सांगतो, त्यांना बॅगेतलं सगळं कळतं. चपलेचा अंगठा तुटतो, पट्टा तुटतो, तळाची शिवण उसवते ती का, हे त्या माणसाने हजारो वेळा पाहिलेलं असतं. व्हिडिओवाला नवी बॅग दाखवतो. तुटलेली काय सांगते ते दुरुस्ती करणाऱ्यालाच माहीत.

इथे घरचं बोलतो, कारण तुमचं ते वाक्य मी आधी घरातच ऐकलंय. माझा दादा नागपूरला असतो. वडील 2014 साली गेले, तेव्हा तेरवीनंतर दादाने त्यांची सगळी अवजारं भंगारवाल्याला किलोने विकली. ऐरण, मोगरी, दोन आऱ्या, पितळी कुंडी. एक रापी माळ्यावर राहिली होती म्हणून वाचली. मी चामड्याला हात लावला असं कळल्यावर त्याचा फोन आला. "त्या वासातून बाहेर पडायला बाबांनी आयुष्य घातलं आणि तू छंद म्हणून परत तिथेच जातो?"

दादाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मेलेली जनावरं ओढणं सोडा, पोरं शिकवा, हे बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून लाखो घरं उभी राहिली. आमचं घरही त्याच विचारावर उभं राहिलं. वडिलांना बाजारात कोण कसं हाक मारायचं ते मी कानांनी ऐकलंय. पण दादाने त्या वागणुकीबरोबर हातातली विद्याही भंगारात घातली, आणि हे मला पटलेलं नाही. आमच्या वर्ध्याजवळच नालवाडीला 1930च्या दशकात चर्मालय चाललं, गोपाळराव वाळुंजकर ते सांभाळायचे. मेलेल्या जनावरांचं कातडं कमवायचं, त्यापासून वस्तू करायच्या. विनोबांच्या आश्रमातली माणसं ते काम शिकली आणि त्याला सेवा म्हणाले. त्याच काळात माझे आजोबा तेच काम करत होते आणि त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. म्हणजे घाण कामात नव्हती, ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होती. मग आपण काम का टाकायचं? दादाशी हा वाद अजून मिटलेला नाही. दिवाळीला तो आला तेव्हाही आम्ही जेवणाच्या ताटावर यावरून बोललो.

आता तुमचे प्रश्न.

किट घेऊ नका. त्यातल्या अर्ध्या वस्तू वापरल्या जात नाहीत. चार मिलिमीटर अंतराचं स्टिचिंग चिझल, म्हणजे टाक्यांची भोकं ओळीने पाडायची दातेरी छिन्नी, तेवढं चांगलं घ्या, बोथट टोकाच्या दोन सुया, 0.8 मिलिमीटरचा मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा आणि एक चांगला कटर. रापी लोहाराकडून करून घ्या. गाडीच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद त्याच्याकडे असतं, धार तो नीट देतो. हातोडीऐवजी लाकडी मोगरी वापरा, चिझलचं डोकं बिघडत नाही.

सुरुवातीला सॅडल स्टिच शिका, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. दोरा शिवणीच्या चौपट घ्या, अर्ध्यात संपला की जोड दिसतो. यात एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की ओळ उसवत जाते. आणि घरच्या मशीनवर दोन मिलिमीटरचे दोन थर शिवायला जाल तर सुई मोडेल, मशीनचा टायमिंगही बिघडेल. घरच्या माणसाची मशीन असेल तर मुळीच नको.

चामडं वनस्पतींच्या सालीने कमावलेलं घ्या, क्रोमवालं, म्हणजे क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, पहिल्या बॅगेला नको. क्रोमचं मऊ, लोंबतं असतं, त्याच्या कडा घासून चमकत नाहीत. बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं चामडं पाण्याने वळतं, ठसा धरतं, कड घासली की बसते. अंगासाठी दीड ते दोन मिलिमीटर, पट्ट्यासाठी तीन. महाराष्ट्रात 2015 पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इकडे हाताला येतं ते बहुतेक म्हशीचंच, आणि बॅगेला तेच चांगलं. कानपूर, चेन्नई, कोलकात्याकडचे व्यापारी कुरियरने पाठवतात, मुंबईत गेलात तर धारावीत हाताने चाचपून घेता येतं. दुकानदाराला "पाठीचा तुकडा" असं स्पष्ट सांगा. एका साध्या खांद्याच्या बॅगेला पाच-सहा चौरस फूट लागतं, पण एक-दोन फूट जास्त घ्या, म्हणजे पट्ट्यासाठी माझ्यासारखा मोह होणार नाही.

पट्टा जिथे बसतो तिथे आतून चामड्याच्या तुकड्याचा जोड द्याच. जिथे चामड्यात चीर घ्यायची तिथे चिरेच्या दोन्ही टोकांना आधी गोल भोक पाडा. धारदार कोपरा राहिला की तिथून फाटत जातं.

कडांसाठी बाहेरचं महागडं काही मागवू नका. बांधावरचा बाभळीचा डिंक पाण्यात पातळ करा, कडेला बोटाने लावा आणि गुळगुळीत लाकडाने घासा. तेल द्यायचं तर एरंडेल, तेही अगदी थोडं, कापडाने. जवसाचं तेल आपल्याकडे घरात असतं म्हणून लावू नका. ते वाळतं आणि चामडं कडक होऊन तडकतं.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. आपल्याकडे मे महिन्यात सोल्युशन लावेपर्यंत वाळतं, म्हणून चिकटवायचं काम सकाळी करा. पावसाळ्यात बॅग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली की बुरशी येते, सुती कापडात ठेवा. मी सांगितलेली जाडी म्हशीच्या चामड्याची आहे, शेळीचं घेतलंत तर हा हिशेब लागू नाही. आणि प्रत्येक गावच्या बाजारातला माणूस शिकवेलच असं नाही. काहींना वेळ नसतो, काहींना या कामाचा दादासारखाच वीट आलेला असतो, त्यांच्या मागे लागू नका. शिकवणारा भेटला तर त्याचा धंदा अडवून बसू नका, दुपारी गर्दी ओसरल्यावर जा आणि त्याच्या वेळेचे पैसे आधी विचारून द्या. जातीच्या नावाने हाक मारू नका, वयाप्रमाणे काकाजी म्हणा, भाऊ म्हणा.

पहिल्या बॅगेला अस्तर लावू नका. अस्तराखाली टाक्यांची मागची बाजू झाकली जाते, आणि तुम्ही बॅग दाखवायला न्याल तेव्हा तो माणूस सगळ्यात आधी तीच उलटून पाहणार आहे.