लिनक्सवर वेबकॅमचं बटण दाबून मोठा फोटो का येत नाही? ड्रायव्हरमध्ये ती सोय घालता येईल का?

घालता येईल, पण आधी टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी मायनस व्ही मारा (यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची माहिती दाखवणारी कमांड) आणि त्या लांबलचक मजकुरात बीस्टिलकॅप्चरमेथडसमोर (कॅमेरा स्टिल, म्हणजे स्थिर फोटो कसा देतो ती नोंद) काय आकडा आहे ते बघा. 0 किंवा 1 असेल तर विषयच संपला, कॅमेऱ्याकडे वेगळा फोटो नाहीच, चालू व्हिडिओतलीच फ्रेम उचलायची. 2 असेल तर तो व्हिडिओ जरा थांबवून त्याच पाइपमधून (डेटा येण्याच्या वाटेने) मोठं चित्र पाठवू शकतो. 3 ला फोटोसाठी वेगळा बल्क पाइप असतो, तसा कॅमेरा माझ्या तरी हाती लागलेला नाही.

मी ह्यात पडलो ते मामामुळे. इंदूरला रामबागेत त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे लाकडी स्टँडला वेबकॅम बांधून मार्कशीटचे फोटो काढायचे होते आणि 640 बाय 480 मध्ये रोल नंबरातला 3 आहे का 8 तेच कळेना. कॅमेरा निघाला मेथड 2 वाला, आणि यूव्हीसीव्हिडिओ हा लिनक्सचा वेबकॅम ड्रायव्हर बटण दाबल्याचा इव्हेंट तेवढा देतो, पुढचं काही करत नाही. मग बसलो दोन रात्री. स्टिल इमेज फ्रेमचा डिस्क्रिप्टर (कॅमेऱ्याने दिलेली साइजची यादी) वाचायचा, स्टिल प्रोब आणि कमिट करायचं, म्हणजे कॅमेऱ्याशी साइज ठरवून पक्का करायचा (11 बाइटचा छोटा ब्लॉक असतो), ट्रिगर कंट्रोलमध्ये 1 लिहायचा, आणि येणाऱ्या डेटाच्या प्रत्येक तुकड्याच्या (पेलोडच्या) हेडरमधला बिट 5 बघून फोटोचा डेटा व्हिडिओपासून वेगळा काढायचा. इथपर्यंत जमतं हो, पण ते चित्र अ‍ॅपला द्यायचं कुठून? त्याला ड्रायव्हरमध्ये वेगळी क्यू (बफरांची रांग), वेगळा नोड (अ‍ॅप उघडतं ती डिव्हाइस फाइल) लागतो, आणि तिथेच माझं घोडं अडलं.

सकाळी पोहे खाता खाता मामा म्हणाला, "अरे, मला व्हिडिओ बघायचाच नाहीये, बंद कर ना तो." झालं! वायूवायव्हीत (न दाबलेल्या, कच्च्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये) 1600 बाय 1200 ची एक फ्रेम 3.84 एमबीची, यूएसबी 2 वर त्या सेकंदाला पाच-सहाच जातात म्हणून व्हिडिओ अडखळतो, पण फोटोला एकच पुरते. तर स्ट्रीम बंद करा, बफर सोडा, मोठा फॉरमॅट लावा, परत चालू करून पहिल्या आठ-दहा फ्रेम फेकून द्या (एक्सपोजर बसेपर्यंत काळपट येतात) आणि पुढची ठेवा.

ड्रायव्हरसाठी पॅच लिहायचा तो मोठा साइज व्हिडिओच्या यादीत नसून फक्त स्टिलच्याच यादीत असेल तर. आणि खोक्यावरच्या मेगापिक्सेलवर जाऊ नका, तो आकडा बरेचदा सॉफ्टवेअरने ताणलेला असतो, डिस्क्रिप्टरमधले साइज बघा.